वास्लुईची वाटी

वेंटवर्थव्हिल, ८ सप्टेंबर २०२४

चि. ईशू,

आशीर्वाद पाठवते आहे, घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं सामसूम, म्हणून शेवटी कागद घेतला. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक आहे मला. दहाव्या वर्षी पुणं सुटलं तुझं, जोडाक्षरापाशी अजून अडखळत असशील. ते बरंच आहे. अडखळत वाचलंस म्हणजे निदान लगेच फाडणार नाहीस.

रोमानियात, याशच्या विमानतळावर तू बाबांना मिठी मारलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आई, प्लीज, परत येऊ नकोस." तेव्हापासून मी या वाक्याचा अर्थ लावते आहे. तुझ्या दोरूला जाऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. माझं लेकरू दुःखात आहे, तोंडातून काहीही निघतं, असं मी विमानात बाबांना समजावत होते. बाबा खिडकीतून ढग बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "ती दुःखात बोलली नाही पद्मा. चिडून बोलली."

मग मला सांग, मी केलं काय?

मी परत परत तेच आठवते. मे महिन्यात मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर घालून तो फुलांच्या मागे निघाला, पावसानं भिजलेल्या चिकणमातीच्या रस्त्यावर ट्रक उलटला, आणि बत्तीस वर्षांचा मुलगा गेला. आम्ही पोचलो तोवर त्याला पुरलंसुद्धा होतं. चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत आम्ही राहिलो. त्या दिवशी तुझ्या सासूबाईंनी अंगणात टेबलं मांडली आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात काही ना काही दिलं. कुणाला टॉवेल, कुणाला बादली. मला त्यांनी निळ्या काठाची मातीची वाटी दिली. आत शिजवलेले गहू, साखर, अक्रोड, वर छोटा गोल पाव आणि पावात खोचलेली पेटती मेणबत्ती. मला ते आपल्या गव्हाच्या खिरीसारखं लागलं. कणही टाकला नाही मी.

दुसऱ्या दिवशी निघताना ती वाटी मी घासूनपुसून घेतली. रिकामी कशी द्यायची? बेसनाचे लाडू नेले होते तुझ्यासाठी, त्यातले उरलेले तिच्यात भरले आणि लेनुत्साबाईंच्या हातात दोन्ही हातांनी ठेवली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग एप्रन तोंडाला लावून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, विहिणीला निरोप सोसवत नाहीये. माझेही डोळे भरून आले.

की त्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला म्हणाले, "चल आता सिडनीला, इथं काय उरलंय तुझं?" ते लागलं तुला? लागलं असेल तर लागो. आईनं नाही म्हणायचं तर कुणी म्हणायचं?

उत्तर लिही. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आई


वेंटवर्थव्हिल, १७ नोव्हेंबर २०२४

चि. ईशू,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी वीस वर्षं पुण्यात सातवी-आठवीला भूगोल शिकवला आहे, समोरून उत्तर आलं नाही तरी बोलत राहायची मला सवय आहे. आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं तपासते, त्याही काही बोलत नाहीत.

हल्ली मी तुझ्या जिल्ह्याचा अभ्यास करते. शिफ्ट संपली की वेस्टमीडच्या स्टेशनवर बसून फोनवर वाचते, आणि डोक्यात आपोआप धडा तयार होतो. वास्लुई जिल्हा. स्थान: रोमानियाच्या अगदी पूर्व कडेला, पूर्वेला प्रुत नदी, नदी ओलांडली की दुसरा देश. भूरचना: बुटक्या टेकड्या. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, सह्याद्रीच्या माणसाला तर हसूच येईल. जमीन चिकणमातीची, पाऊस पडला की घसरते. हे वाक्य पूर्वी मी फळ्यावर लिहून पुढे गेले असते. आता त्या वाक्यापाशी ट्रेन सुटते माझी.

उन्हाळा रखरखीत, हिवाळ्यात पूर्वेकडून बोचरा वारा. पिकं मका, सूर्यफूल, द्राक्षं. मेंढ्या आहेत. आणि तो मध. माती घसरू नये म्हणून टेकड्यांवर झाडं लावली आणि त्या झाडांना, तिकडे अकेशिया म्हणतात त्यांना, मे महिन्यात पांढरे घोस येतात, हे मला दोरूनंच सांगितलं होतं. आठवतं तुला? आपल्या मागच्या अंगणात इथलं वॉटलचं झाड पिवळंधमक फुललं होतं आणि मी त्याला ऐटीत सांगितलं, अरे, खरी अकेशिया ही, तुमची नव्हे, तुमचं झाड अमेरिकेतून आलेलं आहे. तो म्हणाला, "आई, यू आर राइट. पण माझ्या माश्यांना नका सांगू, दे विल बी अपसेट." तुम्ही दोघं तेव्हा इथल्या युनिव्हर्सिटीत मातीचे नमुने चाळत होतात, आणि मला वाटायचं, हा मुलगा इथेच राहील. सगळेच राहतात.

लोकजीवनाच्या परिच्छेदापाशी मात्र मी अडकते. तरुण माणसं इटलीला. गावात म्हातारे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं. इटलीच्या पैशातून बांधलेली दुमजली घरं, गुलाबी, पिस्ता रंगाची, आणि सगळ्यांना कुलपं. बाबा आणि मी संध्याकाळी फिरायला जायचो तेव्हा त्या घरांच्या फाटकावर कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. जिथून सगळं जग बाहेर पडतं तिथे माझी मुलगी आत जाऊन बसली. वर्गात कुणी हात वर करून विचारलं असतं, बाई, मग त्या जिल्ह्यात राहतं कोण? तर मी काय सांगायचं?

आणि मला बोलायचा अधिकार आहे का, हेही कळत नाही. आम्हीसुद्धा कुलूप लावूनच आलो की. आजीनं पुण्याला दारात उभं राहून तेच विचारलं होतं, तिथं कोण आहे तुमचं?

दोरू दर वेळी मधाची बाटली घेऊन यायचा आणि मी बाटली परत देताना तिच्यात चिवडा नाहीतर लिंबाचं लोणचं भरायची. तो हसायचा, "या घरात बाटलीला कधी झोप नाही." गेल्या आठवड्यात हॅरिस पार्कला चिवडा घेताना दुकानदार सुट्टे पैसे मोजेपर्यंत मी तिथेच रडायला लागले. मागची बाई म्हणाली, "यू ओके, आंटी?" मी म्हटलं, मिरची लागली.

बाबांनी फोनवर सिडनीच्या खाली तुमच्या गावाचं हवामान लावून ठेवलं आहे. सकाळी चहा पिताना जाहीर करतात, "पोयेनीला आज उणे दोन." बाकी तुझ्याबद्दल बोलत नाहीत. लाकडं भरून ठेवलीस ना?

आई


वेंटवर्थव्हिल, २ मार्च २०२५

ईशू,

आज मला कळलं.

आमच्या लॅबमध्ये रोदिका म्हणून सायंटिस्ट आहे. बुखारेस्टची, पण तीस वर्षं सिडनीत, चहात दूध घालते इतकी इथली झालेली. रोमानियाची आहे म्हणून मी तिला मुद्दाम टाळत होते, तिनं काही विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आज जेवताना मी डबा उघडला आणि तिनं सहज विचारलं, तुमच्याकडे डबा परत देताना नेहमी त्यात काहीतरी का घालतात, लॅबमधल्या मयूराच्या आईनं मला कसा करंज्या घालून दिला. मी म्हटलं, रिकामं भांडं परत करणं आमच्यात वाईट. आणि बोलता बोलता मी तिला त्या वाटीचं सांगितलं. लाडू भरून परत दिली, असं सांगितलं. मी तर कौतुकाच्या अपेक्षेनं सांगत होते.

तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "पद्मा, यू गेव्ह इट बॅक?"

मग तिनं सांगितलं. त्याला पोमाना म्हणतात. मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं. जे दिलं ते त्याला पलीकडे पोचतं. ती वाटी मला दिली म्हणजे दोरूला वाटी मिळाली, मी खाल्लं म्हणजे तो जेवला. ती भेट नसतेच, तिला थँक यूसुद्धा म्हणत नाहीत, "बोग्दाप्रोस्ते" म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि ठेवून घ्यायची. ती परत करायची नसते. परत करणं म्हणजे मला तुमचा मेलेला माणूस नको, असं सांगणं. "त्याच्या हातातून काढून घेण्यासारखं," असं रोदिका म्हणाली. मग तिला वाटलं आपण जास्त बोललो, आणि म्हणाली, "लूक, मी शहरातली आहे, आम्ही हे काही पाळत नाही." पण तिचा चेहरा पाळत होता.

ईशू, मी त्या बाईच्या मुलाचं ताट काढून घेतलं, आणि तेही हसत, दोन्ही हातांनी, लाडू घालून. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर माणसं नदीकाठी तासन्तास हात जोडून उभी राहतात. मी तर शिवलेला पिंड उचलून परत आणून दिला. बाथरूममध्ये जाऊन मी इतकी रडले की सुपरवायझरनं घरी पाठवलं.

आणि आता मला राग येतोय, तुझा. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. पण तुला दोन्हीकडचं माहीत होतं. या घरात कधी रिकामं भांडं गेलेलं तू पाहिलंस? तू तिथेच ओट्यापाशी उभी होतीस. एक वाक्य बोलली असतीस तिच्या भाषेत, एक माझ्या. असं का केलंस? दोरू असता तर हसत हसत दोघींना सांगून मोकळा झाला असता. जो समजावून सांगणार होता तोच नव्हता.

लेनुत्साबाईंना सांग. आजच सांग. हे पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून याचा फोटोही पाठवते आहे. अक्षर वाचवत नसेल तर दोष माझ्या डोळ्यांना दे.

आई


वेंटवर्थव्हिल, २५ मे २०२५

चि. ईशू,

तुझा मेसेज मी इतक्यांदा वाचला आहे की बाबांनी फोन काढून घेतला. "सांगितलं तिला. ती खूप रडली. म्हणाली, पुअर वुमन. ती वाटी आता नाहीये, आई. त्याच दिवशी तिनं ती रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसाला दिली, सो दॅट दोरू वुडन्ट बी विदाउट. आणि हो, मला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. बट आय नीडेड टु बी अँग्री विथ समवन अँड यू वेअर देअर."

तू खरं लिहिलंस. खरं सांगू, मला ते वाचून आधी बरं वाटलं. मुली आईवरच रागावतात, परक्यावर कोण रागावतं? मग मी विचारलं, येऊ का मी? आणि तू लिहिलंस, "नॉट येट." त्या येटवर मी सध्या जगते आहे.

म्हणजे दोरू उपाशी राहिला नाही. कुणा वाटसरूनं त्याला जेवू घातलं. ते पुण्य माझ्या दारात आलं होतं आणि मी ते घासूनपुसून परत केलं.

गेल्या आठवड्यात वर्ष झालं. मी ठरवलं, आपण इथे करू. रोदिकाला विचारून गहू शिजवले, साखर, अक्रोड घातले, स्टीलच्या नव्या वाट्या आणल्या आणि ओळखीच्या घरी घेऊन गेले. सगळ्यांना दारातच सांगितलं, ही दोरूच्या नावानं आहे, खा, आणि वाटी परत करायची नाही. मयूरा म्हणाली, "हो काकू, नो वरीज." तेजश्रीनं डोळे पुसले. राजीवनं वाटी कपाळाला लावली. मी हलकी होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मयूरा. हातात वाटी, वाटीत शिरा.

मी म्हटलं, "अगं, परत नाही करायची म्हटलं होतं ना?"

"अहो काकू, तुम्ही म्हणणारच. आपण म्हणतोच ना असं. पण रिकामी कशी ठेवून घेऊ?"

दुपारी तेजश्रीची आली, फ्रोझन आंब्याच्या फोडी घालून. राजीव म्हणाला, रिकामी आणली असती तर आई ओरडली असती, आणि वाटीत काजू. संध्याकाळपर्यंत ओटा भरला. रडू की हसू कळेना, ईशू. मी जे केलं तेच ही सगळी प्रेमानं माझ्याशी करत होती. एकावरही रागावता येईना. बाबांनी शिरा खाल्ला आणि म्हणाले, "लेनुत्साबाई कसं सोसत असतील ते आज कळलं."

म्हणून मी एक केलं आहे. पुण्याहून आणलेली आजीची पितळी वाटी तुझ्या पत्त्यावर पाठवली आहे, रिकामी. जन्मात पहिल्यांदा मी कुणाकडे रिकामं भांडं पाठवलं, पोस्टाच्या बाईनं वजन केलं तेव्हा मला शरमच वाटली. लेनुत्साबाईंना सांग, ती भरून मला पुन्हा द्या. या वेळी मी समजून घेईन. तुला यात काही करायचं नाही, नुसतं त्यांना सांग.

यंदा झाडं फुलली का? पेट्या कोण हलवतं आता?

आई


वेंटवर्थव्हिल, १० ऑगस्ट २०२५

चि. ईशू,

पार्सल आलं.

खोक्यावर सरकारी टेप होती, कापून पुन्हा चिकटवलेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये? या देशात पुण्याहून येताना माझ्या आईची चिंच काढून घेतली होती यांनी, बी आहे म्हणून. आत एक छापील चिठ्ठी होती: धान्य, अक्रोड, पाव, आणण्यास मनाई, नष्ट करण्यात आले. त्यांचं काही चुकलं नाही. नियम तो नियम, शेतं वाचतात त्यानं. दोरू असता तर त्यानंच मला समजावलं असतं की मधमाश्यांचे रोगसुद्धा असेच देशोदेशी जातात.

पितळी वाटी आली. रिकामी. तिला कुणीतरी पुसलं होतं, तिकडे की इथे कोण जाणे, पण काठापाशी साखरेचा एक कण चिकटून राहिला होता. टॉवेल होता, लाल भरतकामाचा. आणि मेणबत्ती. तिला मधाचा वास येत होता, म्हणजे आपल्याच पेट्यांचं मेण असणार. ती त्यांनी येऊ दिली.

मी रोदिकाला फोन केला. विचारलं, खायलाच काही नाही, आता त्याला कसं पोचायचं? ती जुनं काही आठवू लागली. मग म्हणाली, "वॉटर. पाणीही चालतं. माझी आजी पाणी द्यायची." मग मी मेणबत्ती लावली, वाटीत नळाचं पाणी घेतलं. तो साखरेचा कण त्यात विरघळू दिला. बाबा शेजारी उभे राहिले, निम्मं मी प्यायले, निम्मं ते. मी "बोग्दाप्रोस्ते" म्हटलं. बाबांनी माझ्याहून बरं म्हटलं. मला न सांगता सराव केला होता त्यांनी.

लेनुत्साबाईंना सांग, मिळालं. नुसतं मिळालं असं सांग, बाकीचं सांगू नकोस. त्यांनी गहू शिजवले असतील, अक्रोड फोडले असतील, पाव भाजला असेल. ते इथे जळालं, हे त्या माउलीला कळायची काही गरज नाही.

आता तुझ्याबद्दल. खोक्यावरचा पत्ता तुझ्या हातचा होता. वेंटवर्थव्हिल लिहिताना तू अजून शाळेतल्यासारखा डब्ल्यूला झोका देतेस. पाठवणाऱ्याच्या जागी फक्त त्यांचं नाव होतं. मी खोका उलटापालटा करून पाहिला, कागदही झटकून पाहिले. तू स्वतः काही लिहिलं नव्हतंस. वाईट वाटलं मला, ते लपवत नाही. पण आता "परत ये" असं लिहिणार नाही. इथं काय उरलंय तुझं, असं विचारलं होतं ना मी? त्या घरात एक बाई आहे जिला माझ्या हातून दुखावलं गेल्यावरही माझ्यासाठी गहू शिजवावेसे वाटले. तिच्यापाशी तू आहेस. हे उरलंय.

तरी मला तू हवी आहेस. रोज हवी आहेस. ते कुठल्या रीतीत बसत असो नसो.

टॉवेल आणि वाटी मी कपाटात ठेवणार होते, पण रोदिका म्हणाली की वापरायची असते. म्हणून बाबांना रोज तिच्यातून दही देते. मयूरा काल बघून म्हणाली, "काकू, किती सुंदर, कुणाची?" मी म्हटलं, माझ्या जावयाची.

ती मी ठेवून घेतली आहे, ईशू. परत करणार नाही.

आई